दरबार उठला, भजने उरली

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत, जे. जे. इस्पितळात वारले. ख्रिस्ती मंडळीच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे दफन व्हायचे. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेण्यात आल्या. दीक्षित पाळकाने स्वतःसाठी चिता मागावी ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दफन की दहन हा बायबलच्या दृष्टीने कळीचा मुद्दा नसेल, पण गावात कोण ख्रिस्ती आणि कोण नाही हे लोक ज्या खुणांवरून ओळखत, त्यांत कबर ही ठळक खूण होती. टिळकांनी जाताजाता तीच पुसली.

मराठी वाचकाला टिळक दोन वाटांनी भेटतात. एक म्हणजे फुलांमुलांचे कवी, बालकवी ठोमऱ्यांना घरात ठेवून घेणारे. दुसरे म्हणजे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तले उदार, तापट, हाती आलेला पैसा घरापर्यंत पोचू न देणारे नवरोजी. दोन्ही टिळक खरे आहेत. पण ते पंधरा वर्षे पाळक होते, शेवटची सात वर्षे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि आपल्या मंडळीचे कुठे चुकते आहे याचा विचार त्यांनी सतत केला. या तिसऱ्या टिळकांकडे साहित्याच्या इतिहासकारांनी धर्माचा विषय म्हणून पाहिले नाही आणि मंडळीने, माझ्या मते, सोयीने पाहिले नाही. मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी.

चरित्राचा सांगाडा थोडक्यात असा. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातला, चित्पावन घराण्यातला. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले, बोलणे झाले, त्यांनी ‘नवा करार’ हातात ठेवला. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई पुढची चारपाच वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तोवर ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामात पुरते रुजले होते.

ते ज्या मंडळीत आले ती कशी घडली होती हे पाहिल्याशिवाय त्यांची तळमळ कळत नाही. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली आणि नगरला ठाणे झाले १८३१ साली. शाळा आल्या, छापखाना आला, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या धर्मांतरितांना ख्रिस्ती होणे म्हणजे जुन्या बंधनांतून सुटणे वाटे. बाबा पदमनजी हे त्या पिढीचे सर्वांत बोलके नाव. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मधला विधवांच्या दुःखाचा विषय आणि ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रातला प्रवास एकाच दिशेने जातो. मूर्ती, सोवळे, व्रतवैकल्ये मागे टाकायची आणि प्रकाशाकडे चालायचे. त्या माणसांना टाळ-मृदंग जवळचे वाटण्याचे कारण नव्हते. जे तोडून आलो तेच घरात कशाला आणायचे, हा त्यांचा सरळ हिशेब होता आणि तो चुकीचा म्हणवत नाही.

पण मधल्या काळात हवा पालटली. प्रार्थना समाज १८६७ साली निघाला आणि रानडे-भांडारकरांच्या पिढीने तुकोबांना नव्या उपासनेच्या केंद्रस्थानी आणले. १८७४ पासून विष्णुशास्त्र्यांच्या ‘निबंधमाले’ने स्वभाषेचा अभिमान पेटवला. १८९५ साली ख्रिस्ती होणाऱ्या माणसापुढे त्यामुळे वेगळाच पेच होता. सुधारणा हवी असेल तर त्यासाठी आता मंडळीत जावे लागत नव्हते. उलट मंडळीत गेलेला माणूस स्वदेशातून उठून गेला, असे शेजारी म्हणू लागले होते. पदमनजींच्या पिढीला चर्च आधुनिक दिसले; टिळकांच्या पिढीला तेच चर्च परके दिसू लागले. इमारत तीच, बाके तीच, बाहेरचा रस्ता तेवढा बदललेला.

या परकेपणाची खूण टिळकांना पहिल्यांदा कानाला जाणवली असणार, असे मला वाटते. कवीच ते. इंग्रजी उपासनागीताची चाल शब्दांतल्या आघातावर बेतलेली असते. जोर कुठे पडणार हे शब्दच सांगतो. मराठीत शब्दाला तसा ठाम आघात नाही, तिचे वजन लघु-गुरूवर तोललेले. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि ‘कृपा’तला ‘पा’ चुटकीसरशी संपतो. गाणाऱ्याला सवयीने ते कळेनासे होते; बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र पहिल्याच ओळीत कळते. अर्थ बायबलचा, अक्षरे देवनागरी, आणि तरी ऐकणाऱ्याला ती मराठी वाटत नाही. अशी गीते जुन्या गीतसंग्रहांत पुष्कळ आहेत. त्यांच्या कर्त्यांची भक्ती खोटी नव्हती, त्यांना छंद जमला नव्हता इतकेच.

देशी चालींची सुरुवात टिळकांनी केली असे म्हणण्याची पद्धत आहे, ती बरोबर नाही. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. कीर्तनाचा साचा या कामाला मोठा सोयीचा. नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली तर बाप, दोन भाऊ, परदेशातला दुष्काळ, डुकरांची शेंगफोले, घरी परतणे, सगळे नाट्य आयतेच हाताशी. निरक्षर श्रोत्याला दोन तास बसवून ठेवण्याची ताकद रविवारच्या प्रवचनात क्वचितच असते. कीर्तनात ती घडणीतच आहे. टिळकांनी हे ओळखले आणि त्यात भर घातली ती काव्याची. अभंग, ओवी, पद, आरती या रूपांत ख्रिस्ताविषयी लिहिताना ते कुठेही भाषांतर करीत आहेत असे वाटत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकायचा असतो, हे त्यांना मान्य नव्हते.

याला मिशनरींचा एकजात विरोध होता असे चित्र रंगवणे सोपे आहे. ते खरे नाही. बाप्तिस्म्यापूर्वी टिळकांना ज्यांचा मोठा आधार झाला ते जस्टिन अॅबट पुढे भानुदास, एकनाथ यांची संतचरित्रे इंग्रजीत आणण्यात रमले. निकल मॅक्निकल यांचा मराठी संतांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद टिळकांच्या मृत्यूच्याच वर्षी, १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नगरचे रॉबर्ट ह्यूम तर आपल्या मायदेशातल्या संस्थेशीच भांडून बसलेले होते. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच पडले नाही त्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल, अशा मतामुळे १८८६ च्या सुमारास त्यांची भारतात परत पाठवणी अडकली होती. म्हणजे प्रश्न माणसे वाईट असण्याचा नव्हता. चांगली, विद्वान, मराठीवर प्रेम करणारी माणसेही शेवटी पगार देणाऱ्या बाजूला बसलेली होती, ही अडचण होती.

इथे टिळकांचा विचार चालींवरून हलतो आणि तिखट होतो. मिशनच्या आवारात मिशनरी साहेब हेच मायबाप. शाळामास्तर त्यांचे, बायबल सांगणारी बाई त्यांची, पाळकही त्यांचाच. मंडळी नावाला स्वतंत्र, पण तिचा खर्च अमेरिकेतल्या वर्गणीतून. पाळकाचे मन कुठे गुंतणार? समोरच्या लोकांत, की वर्षाच्या अहवालात? या अवस्थेला टिळकांनी एका कवितेत बाहुल्यांच्या खेळाची उपमा दिली आणि दोऱ्या कोणाच्या हातात आहेत हे मिशनरींना तोंडावर सांगितले. ती कविता त्यांनी मिशनच्या नोकरीत असतानाच लिहिली. ‘ज्ञानोदय’ मिशनचा होता, पगार मिशनचा होता आणि प्रहारही मिशनवर होता. आजच्या किती पाळकांना आपल्या संस्थेच्या मुखपत्रात असे लिहिता येईल, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. छापू देणाऱ्यांनाही त्यातले थोडे श्रेय आहे.

टीका करून ते थांबले असते तर प्रकरण साहित्याच्या इतिहासात जमा झाले असते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. वय पंचावन्नच्या पुढे, मागे संसार, हाताशी शिल्लक असण्याचा प्रश्नच नाही. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर ही कहाणी वेगळी दिसते. नवऱ्याने देवावर भार टाकला की रात्रीच्या पिठाचा भार बायकोवर येतो. ‘स्मृतिचित्रे’त हे त्या हसत सांगतात, म्हणून ते हलके होत नाही.

दरबाराची कल्पना वरवर भाबडी वाटते, आत मात्र स्फोटक आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांचे हे कुटुंब. त्यातले ‘न घेतलेले’ हे शब्द पाहा. मिशनच्या सगळ्या रचनेत बाप्तिस्मा ही वेस होती. वेशीच्या आत मंडळी, बाहेर जग. किती जणांनी वेस ओलांडली यावर मिशनच्या वर्षाचे यश मोजले जाई. टिळकांनी ही वेस पाडली नाही, ते स्वतः बाप्तिस्मा देणारे पाळकच होते. पण शिष्यत्व वेशीपासून सुरू होत नाही, असे त्यांनी म्हटले. ज्याला ख्रिस्त हवा आहे पण आईबाप, जात, गाव सोडवत नाही, अशी माणसे त्यांनी पाहिली होती. त्यांच्या स्वतःच्या घरात पाच वर्षे तेच तर चालले होते! त्या माणसाला मंडळीत जागा नव्हती, दरबारात होती. शिवाय दरबारात पगारी कोणी नाही, साहेब कोणी नाही. वारकरी फडाला जवळची वाटावी अशी ही कल्पना आहे, आणि तो योगायोग नव्हे.

इथे मला टिळकांशी एक वाद घालायचा आहे. नगर जिल्ह्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचे दुष्काळ यांत मिशनच्या शाळा, अनाथाश्रम आणि अन्न यांच्या आधाराने अनेकांनी मंडळीत प्रवेश केला. त्यांच्या दृष्टीने पाटलून, बूट, इंग्रजी चालीचे गीत यांचा अर्थ काय होता? मेलेली जनावरे ओढणे, वेसकरकी, पाटलाच्या दारातला जोहार हे मागे पडले, याचा तो पुरावा होता. बाकावर बसणे ही चित्पावन पाळकाला विलायती खोड वाटू शकते. ज्याच्या आज्याला चावडीबाहेर मातीत बसावे लागले, त्याला बाक ही बढती आहे. देशी व्हा असे सांगणाऱ्याने देश कोणाचा हे आधी विचारायला हवे, असे कोणी टिळकांना म्हटले असते तर त्यांच्यापाशी काय उत्तर होते?

अगदीच नव्हते असे नाही. टाळ-मृदंग ब्राह्मणांच्या मालकीचे कधीच नव्हते. चोखोबांच्या अभंगांची परंपरा त्याच माणसांची होती, आणि खेड्यातल्या ख्रिस्ती भजनी मंडळांनी टिळकांची पदे उचलली ती काही कोणाच्या हुकमाने नाही. शिवाय परावलंबनावरचे त्यांचे निदान वरच्या जातीची नजर म्हणून बाजूला ठेवता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांच्या स्थितीविषयी केलेल्या लेखनात हीच दुखरी जागा दाबली आहे. ख्रिस्ती झालेला समाज मिशनवर अवलंबून राहिला, जात मंडळीच्या आतही उरली आणि स्वतःच्या हक्कांसाठी त्याचा आवाज उठला नाही. दोघे दोन टोकांकडून आले आणि दोघांचे बोट एकाच ठिकाणी पडले. फरक असा की आंबेडकरांना त्यातून सामाजिक बळाचा प्रश्न दिसला, टिळकांना भक्तीचा. टिळकांच्या लिखाणात मंडळीअंतर्गत जातीचा प्रश्न त्यांच्या बाकीच्या आवेशाच्या मानाने फिका उमटतो, हे मला नोंदवले पाहिजे.

दरबार टिकला नाही. दोन वर्षांत टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो चालवील असे कोणी उरले नाही. घटना, फंड, जागा यांपैकी काही नसलेली संस्था एका माणसाच्या श्वासावर चालते. तशी एक ठिणगी दुसरीकडे पडली. जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि त्याच सुमारास ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. खादी, आश्रम, भारतीय पद्धतीची उपासना हा त्याचा नेम. या संघात १९२७ साली इंग्लंडहून एक तरुण दाखल झाला, त्याचे नाव व्हेरिअर एल्विन. तो पुढे मध्य भारतातल्या गोंडांत गेला आणि चर्चपासून दूर झाला. टिळकांनी मांडलेल्या प्रश्नाचा धागा त्याच्यापर्यंत ओढणे थोडे सैल आहे, पण वाट पुण्याच्या त्याच आश्रमातून जाते.

टिकली ती गाणी. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची गीते काढून टाकली तर पुस्तक निम्मे मोडल्यासारखे होईल. नाताळ, शुभ शुक्रवार, लग्न, माती, कुठलाही प्रसंग त्यांच्यावाचून पार पडत नाही. आणि इथेच मला मंडळीची हुशारी दिसते. तिने टिळकांचे गाणे घेतले आणि गाऱ्हाणे ठेवून दिले. कविता गायला काही खर्च येत नाही. पगार, जमिनी, वेस यांविषयी ते जे म्हणाले त्याचा खर्च मोठा होता. मिशनरी गेले, १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाली आणि दोऱ्या देशी हातांत आल्या. मात्र मिशनच्या जुन्या मालमत्तांचे वाद कोर्टात चालताना पाहिले की बाहुल्यांचा खेळ बंद झाला, एवढ्यावर समाधान मानवत नाही.

कॅथलिक बाजूला हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडली. तिथे एका कवीच्या हट्टाने नव्हे, १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयाने उपासना लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा सुरू झाली आणि त्या वातावरणात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू ‘सुवार्ता’चा संपादक, हरित वसईचा कार्यकर्ता आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होऊ शकला. वरून आलेला बदल सगळीकडे एकदम पोचतो, हा त्याचा फायदा. टिळकांच्या बदलाला कोणाचा शिक्का नव्हता, म्हणून तो जिथे आवडला तिथेच गेला.

आता उपासनेची हवा पुन्हा पालटली आहे. शहरातल्या अनेक मंडळ्यांत ड्रमसेट आणि कीबोर्ड आले, भिंतीवर पडदा आला, आणि त्यावर उमटणारी कोरसगीते बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदीतून आलेली असतात. तरुणांना तीच जवळची वाटतात. टिळकांचे अभंग त्यांना आजोबांचे वाटतात. वडीलधारी मंडळी यावर हळहळतात. मला मात्र ही हळहळ अर्धीच पटते. टिळकांनी अभंग निवडला तो जुना म्हणून नाही, साताऱ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या ओठांवर तो होता म्हणून. आजच्या मुलाच्या ओठांवर दुसरे काही असेल तर कोरसवर रागावून काय होणार? पण कान मात्र तोच लावावा लागेल. नव्या गीतांतही तेच ऱ्हस्व अक्षर ताणले जाते आणि तोच ‘पा’ चुटकीसरशी संपतो. शंभर वर्षांपूर्वी चाल बॉस्टनची होती, आता सिडनीची आहे.

राहता राहिली वेस. मंडळीच्या दप्तरात आजही बाप्तिस्म्याची नोंदवही असते, सभासदांची यादी असते, कोणाला मत देता येते आणि कोणाला नाही हे त्यावरून ठरते. याशिवाय दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसणारी, गाणारी, प्रार्थना सांगून जाणारी आणि कुठल्याच यादीत नसलेली माणसे असतात. नाव विचारले तर काही जण पुढच्या रविवारी येत नाहीत. शहाणे पाळक म्हणूनच विचारत नाहीत.